सौजन्याचा थर

समडोळीच्या भूपाल मगदूमांचा आवाज गेला, तेव्हा आसपासच्या गावांना आपल्याच घरातलं काही हरवल्यासारखं वाटलं होतं. कृष्णाकाठच्या कुस्तीच्या मैदानात पैलवानाइतकाच निवेदकही लागतो, आणि भूपालअण्णा हे त्यातलं मोठं नाव. माईक हातात आला की हा एरवी घुमा असलेला माणूस खुलायचा. पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, मागच्या जत्रेत त्यानं कुठला डाव टाकला होता, सगळं जिभेवर. गर्दीत मागं उभ्या असलेल्याला काही दिसत नसलं तरी अण्णांच्या बोलण्यातून कुस्ती दिसायची. घरात मात्र शब्द मोजके. "वाढ." "राहू दे." "बघू." बायकोशी, राजमतीशी, त्यांचा सगळा संसार एवढ्या शब्दांत झाला होता.

आधी त्यांची जीभ जड झाली. मग हातातून माईक निसटू लागला. मग पाय गेले. मिरजेच्या डॉक्टर नाईकनवरे बाईंनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं, "मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरतायत. त्यांना ऐकू येईल, कळेल, आठवेल. फक्त हलता येणार नाही, बोलता येणार नाही. आणि शेवटी श्वासही."

एकुलती एक मुलगी त्रिशला पुण्यात असायची. पाण्याच्या पंपांत, बसगाड्यांत जे छोटे संगणक बसवलेले असतात, त्यांचे प्रोग्राम ती लिहायची. अण्णांचं बोलणं अजून थोडंफार कळत होतं तेव्हाच तिनं त्यांच्यासाठी 'मुखर' आणला.

मुखर म्हणजे दिसायला एक जाडसर लॅपटॉप. त्याच्यासोबत हनुवटीखाली चिकटवायची एक पातळ पट्टी यायची. माणूस बोलायचा नुसता प्रयत्न करतो तेव्हाही गळ्याच्या स्नायूंत विजेची बारीक थरथर होते. पट्टी ती टिपायची, आणि लॅपटॉप तिचे शब्द करून मोठ्यानं बोलायचा.

हे जमवणारा प्रोसेसर जगावेगळा होता. साध्या संगणकात विचार करणारा भाग एकीकडं आणि लक्षात ठेवणारा भाग दुसरीकडं असतो. मुखरच्या चिपमध्ये ते दोन्ही एकाच जागी होते. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्म ठिपके होते. ठिपक्यातून वीज गेली की त्याचा विजेला होणारा विरोध किंचित बदलायचा, आणि वीज बंद केली तरी तो बदल तसाच राहायचा. रानातून माणसं रोज एकाच बाजूनं चालली की गवत दबून पायवाट पडते, तशा त्या चिपमध्ये वाटा पडत जायच्या. अण्णा बोलायचे, चिप ऐकायची, आणि कुठली थरथर म्हणजे कुठलं अक्षर याची वाट तिच्यात उमटायची.

म्हणून तिची नक्कल करता येत नव्हती. शिकलेलं एखाद्या फाइलमध्ये असतं तर दुसरीकडं उतरवता आलं असतं. इथं चिपचा पदार्थच बदललेला होता, आणि प्रत्येक ठिपका नेमका मोजायला जावं तर मोजण्यानंच तो बिघडायचा. नवीन यंत्राला नव्यानं शिकवायचं, तर अण्णांना खरोखर बोलता यायला हवं होतं. ते दिवस गेले होते. अण्णांना ओळखणारी जगात एकच चिप होती, आणि ती त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर होती.

ती बनवणारी कंपनी त्या वर्षी बुडाली. ग्राहकांना निरोप आला की महिनाअखेरीस सर्व्हर बंद होतील. मुखर दर वेळी सुरू होताना कंपनीच्या सर्व्हरकडं परवानगी मागायचा. सुरू आहे तोवर तो चालणार होता, पण एकदा बंद पडला की पुन्हा उठणार नव्हता. अण्णांच्या मुखरची बॅटरी कधीच गेली होती, आणि समडोळीत वीज जायची. त्रिशला रजा घेऊन गावी आली.

ती सोप्यात पाऊल टाकते न टाकते तोच खाटेवरून आवाज आला.

"ये त्रिशला. प्रवासात फार त्रास नाही ना झाला?"

तिनं वाकून अण्णांच्या कपाळावर हात ठेवला. त्यांचा चेहरा हलत नव्हता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. सुरुवातीला ते पापणी हलवून हो-नाही सांगायचे, पण यंत्र इतकं नीट बोलायला लागल्यावर त्यांच्या पापण्यांकडं बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आता त्याही धड हलत नव्हत्या.

"बघ, कसं गोड बोलतात," राजमती म्हणाली. "आजारानं माणूस मवाळ झालं. मला नावानं हाक मारतात आता. लग्न झाल्यापासून कधी नाव घेतलं नव्हतं."

"राजमती, तू थकली असशील. जरा बस," खाटेवरचा आवाज म्हणाला.

राजमती हसली आणि खरंच बसली.

त्रिशलाला एवढंच वाटलं की अण्णांची बोली पार गेली. हे बोलणं बातम्या देणाऱ्या माणसासारखं होतं. पण यंत्र म्हटल्यावर असं असणारच, असं तिनं मनाशी म्हटलं आणि पिशवीतून पेचकस काढला.

राजमतीनं तिला आणखी एक गोष्ट सांगितली. अण्णांचा श्वास कमी पडत होता. डॉक्टर बाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र कायमचं लावायचं, नाहीतर जेवढं आहे तेवढं. अण्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "हो, चालेल. तुम्ही ठरवाल ते योग्यच असेल. काळजी नको करूस." पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं.

"हे काळजी नको करूस रोज म्हणतात," राजमती म्हणाली. "दिवसात चारदा तरी."

त्रिशलाचा बेत साधा होता. लॅपटॉप चालवणारी कंपनीची यंत्रणा काढून टाकायची आणि तिच्या जागी लिनक्स बसवायचं. लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नसतं. ते कुणीही उघडून बघावं, हवं तसं बदलावं, आणि सुरू व्हायला कुणाची परवानगी मागावी लागू नये. नेहमीच्या लॅपटॉपवर ते बसवणं म्हणजे दुपारभराचं काम. या प्रोसेसरसाठी मात्र ते तयार मिळत नव्हतं, कारण प्रोसेसर वेगळा म्हणजे त्याला कळणारी भाषाच वेगळी. त्रिशलाला लिनक्सचा गाभा स्वतः त्या भाषेत बांधून घ्यावा लागला. शिवाय या लॅपटॉपचा नकाशा त्याला लिहून द्यावा लागला, की कीबोर्ड कुठल्या पत्त्यावर आहे, स्पीकर कुठं आहे, पट्टीचे सिग्नल कुठल्या दारानं आत येतात. पत्ता चुकला की पडदा काळाच्या काळा.

आणि एक धोका होता. तो तिला मृणाल खापर्डेनं सांगितला. मृणाल पूर्वी त्याच कंपनीत होती, आता नागपूरला असायची, आणि अडलेल्या कुटुंबांना फोनवर मदत करायची.

"नवी यंत्रणा दिसली की चिपला वाटतं, मालक बदलला," मृणाल म्हणाली. "मग ती स्वतःला एक जोराचा झटका देते आणि सगळे ठिपके सारखे करून टाकते. कोरी पाटी. तो झटका तू आधी अडव. नाही अडवलास तर बाबा गेले समज."

त्रिशलानं अण्णांच्या शेजारी बसून त्यांना हे सगळं सांगितलं. न केलं तर काय होईल तेही सांगितलं.

"तू करशील ते योग्यच असेल," यंत्र म्हणालं. "काळजी नको करूस."

तिनं जुन्या यंत्रणेची डिस्क काढून कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. लॅपटॉपचं पोट उघडून तीन बारीक वायरी आतल्या टोकांना जोडल्या आणि दुसरी बाजू स्वतःच्या लॅपटॉपला लावली, म्हणजे पडदा काळा असला तरी आत काय चाललंय ते वाचता येईल. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा काहीच झालं नाही. मग दोन ओळी उमटून थांबल्या. मग कीबोर्ड मेला. झटक्याची वाट तिनं सगळ्यात आधी बंद केली होती, तरी दर वेळी बटण दाबण्याआधी ती ते पुन्हा तपासायची. ते दिवस अण्णा गप्प होते. राजमती येता-जाता विचारायची, "झालं का गं? घर सुनं वाटतंय."

एका सकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभरा वर सरकल्या आणि शेवटी एक छोटी चौकट लुकलुकत उभी राहिली. लिनक्स उठलं होतं. त्रिशलानं चिपची तपासणी केली. वाटा जागच्या जागी होत्या. तिनं वर एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, त्यात नियम एकच. चिपला ज्या अक्षराची खात्री आहे तेवढंच बोलायचं, नसेल तर गप्प बसायचं. तिनं अण्णांच्या हनुवटीखाली पट्टी चिकटवली.

"अण्णा, बोला."

बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर 'अ' उमटला. चहा गार व्हावा इतक्या वेळानं त्याच्यापुढं 'गं' आला. स्पीकरमधून एक सपाट, रंग नसलेला आवाज निघाला.

"अगं."

राजमती स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "कोण बोललं?"

"अण्णा. आई, तुला हाक मारली."

ती खाटेशी आली. "काय हवंय? पाणी? दमलाय का?"

पडद्याकडं बघत दोघी थांबल्या. अक्षरं एकेक करून आली.

"मी नाही."

"काय नाही?" राजमतीनं विचारलं. "तुम्ही काय नाही?"

पडदा रिकामाच राहिला. राजमतीनं मुलीकडं पाहिलं. "मोडलंस ते. परवापर्यंत कसं सरळ बोलत होते. तू काय करून ठेवलंस?"

त्रिशलालाही तेच वाटलं. तिनं परसात जाऊन मृणालला फोन लावला. झटका बसला नाही, वाटा शाबूत आहेत, तरी तासाला चार-दोन शब्द, असं सांगितलं. 

"ते बरोबर चाललंय," मृणाल म्हणाली. "त्यांचं एवढंच उरलं असेल."

"म्हणजे?"

"चिप फक्त अक्षरं ओळखते. त्याच्यावर आमचा भाषेचा थर होता. कंपनीत त्याला सौजन्य म्हणायचे. माणूस अडखळला, एखादं अक्षर सुटलं, की समोर कोण आहे ते बघून, काय बोलणं चाललंय ते ऐकून सौजन्य ते भरायचं. वाक्य पूर्ण करायचं, जरा गोड करायचं. आजारी माणसाचं बोलणं घरच्यांना टोचू नये म्हणून. सुरुवातीला सगळे शब्द बाबांचेच होते. मग स्नायू गेले तसे सिग्नल कमी झाले आणि थर जास्त भरत गेला. कुठं थांबायचं ते त्याला सांगायचं राहून गेलं."

"दुधात पाणी घालत जावं तसं."

"हो. रोज थोडं थोडं. म्हणून कळत नाही."

"कुणी तक्रार केली नाही?"

"कोण करणार, त्रिशला? ज्याची तक्रार होती, त्याला ती त्यातूनच सांगायची होती."

त्रिशला परसात उभी राहिली. शेजारच्या उसावर फवारणीचं ड्रोन घिरट्या घालत होतं. काळजी नको करूस. दिवसात चारदा. त्यातला किती भाग अण्णांचा असेल, हे तिला एकदम कळलं.

तिनं आईला सगळं सांगितलं. राजमतीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिलं परत घाल."

"आई, अगं ते..."

"परत घाल. तुला काय कळतंय? तू महिन्यातनं एकदा येणार. मी रोज त्यांच्याशी बोलत होते."

महिना संपायला अजून अवधी होता. कंपनीचा सर्व्हर जिवंत होता. त्रिशलानं कपाटातली डिस्क काढून बसवली. मुखरनं परवानगी मागितली, त्याला ती मिळाली.

"राजमती," तोच गोड आवाज म्हणाला, "किती दिवसांनी तुझ्याशी बोलतोय. थकलीस का?"

राजमतीचे डोळे भरले. तिनं खाटेच्या कडेवर हात ठेवला.  मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं,

"अहो, एक सांगा. आपण पहिल्यांदा बोललो तो दिवस आठवतोय? माझ्या माहेरच्या जत्रेत?"

"तो दिवस मी कसा विसरेन, राजमती? तुझं ते हसू अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"मी हसत होते?"

"किती सुंदर हसत होतीस. तेव्हाच मी ठरवलं."

राजमती उठली. सोप्याच्या दारापर्यंत गेली, परत आली. त्रिशलाला तिचा चेहरा इतका कोरा कधी दिसला नव्हता.

"मी रडत होते त्या दिवशी," ती म्हणाली. "दुसरं घाल."

त्रिशलानं डिस्क बदलली. पांढऱ्या ओळी सरकल्या, चौकट लुकलुकली. राजमतीनं खुर्ची खाटेला टेकवून घेतली आणि अण्णांच्या कानाशी वाकून तोच प्रश्न विचारला. घाई केली नाही. दुपारची उन्हं उंबऱ्यातून आत आली. पहिलं अक्षर आलं, 'च'. मग कितीतरी वेळ काही नाही. मग 'प'. मग 'ल'.

"चपल," सपाट आवाज म्हणाला.

राजमतीच्या तोंडून आधी हसण्यासारखा आवाज आला आणि मग ती हुंदके देऊन रडायला लागली. अण्णांच्या छातीवर डोकं ठेवून रडली. जरा शांत झाल्यावर तिनं मुलीला सांगितलं. माहेरी, भोशाच्या जत्रेत गर्दीत तिची एक चप्पल गेली होती. थोरल्या बहिणीची नवी चप्पल, न विचारता घातलेली. ती मैदानाच्या कडेला रडत उभी होती. निवेदक पोरगा कुस्ती थांबवून माईकवर म्हणाला होता, की एका मुलीची डाव्या पायाची चप्पल स्टेजपाशी आहे, ओळख पटवून न्यावी. सगळं मैदान हसलं होतं.

"हे मी कुणाला कधी सांगितलं नाही," राजमती म्हणाली. "लाज वाटायची."

मग ती अण्णांकडं वळली. "ते सगळं तुम्ही बोलत नव्हता. तुम्ही नुसतं ऐकत होता. व्हय?"

"हो."

त्यानंतरचे दिवस त्या घरानं चार-दोन शब्दांवर काढले. पहिल्याच आठवड्यात अण्णा म्हणाले, "कूस." त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा पाठीच्या खाली, चादरीआड, कातडं सोललेलं निघालं. कसं वाटतंय विचारलं की यंत्र रोज सांगायचं, अगदी छान. राजमतीनं जखमेला मलम लावलं. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "गाणी बंद." गाणी ऐकून बरं वाटतं असं यंत्र म्हणाल्यापासून ती त्यांच्या उशाशी सकाळ-संध्याकाळ भक्तिगीतं लावत आली होती. तिनं ती बंद केली. "आधी सांगायचं नाही व्हय," असं सवयीनं तिच्या तोंडून गेलं.

ऑपरेशनचं विचारायला हवं होतं. दोघींनाही ते ठाऊक होतं, आणि दोघी एकमेकींची वाट बघत होत्या. शेवटी त्रिशलानं डॉक्टर बाईंनाच घरी बोलावलं. डॉक्टर नाईकनवरे खाटेशी बसल्या, सगळं पुन्हा समजावून सांगितलं आणि विचारलं, "गळ्याला भोक पाडून यंत्र लावू का?"

"नको."

"मी उलट विचारते. यंत्र नको, असंच म्हणायचंय?"

"हो."

त्या उठल्या. "मी आणखी एकदा येईन. दोनदा येईन. माणसाचं मन बदलतं."

त्या दोनदा आल्या. उत्तर बदललं नाही. शेवटच्या खेपेला बाहेर पडताना त्या अंगणात थांबून त्रिशलाला म्हणाल्या, "मागं त्यांनी हो म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी फार विचारलं नाही." मग चपला घालून गाडीत बसल्या.

त्या दुपारी राजमती खाटेशी एकटीच होती. त्रिशलाला आतून तिचा आवाज ऐकू आला.

"मला टाकून निघालाय व्हय?"

कितीतरी वेळानं सपाट आवाज आला. "दमलो."

"दमणारच की," राजमती म्हणाली. "दमणारच. मीच विचारलं नाही."

यानंतर शब्दही कमी होत गेले. थरथर इतकी क्षीण झाली की चिपला कशाचीच खात्री पटेना. आता पडदा दिवस दिवस रिकामा असायचा. त्रिशला नियम सैल करून बघू शकली असती. थोडी कमी खात्री चालवून घेतली असती तर काहीतरी अक्षरं उमटली असती. एकदा तिचा हात तिथवर गेलाही. पण ती अक्षरं कुणाची, हे पुन्हा कळणार नव्हतं. तिनं हात मागं घेतला.

"बंद कर ते," राजमती म्हणाली. "त्यांना ऐकू येतं ना? मग मी बोलते."

आणि ती बोलायला लागली. जन्मात बोलली नव्हती इतकं. शेतात काय पेरलंय, कुणाच्या घरी पाळणा हलला, कवठ्याच्या मैदानात कोण जिंकलं. कुस्तीतलं तिला काही कळत नव्हतं. फोनवर निकाल वाचून ती डावांची नावं उलटीसुलटी सांगायची. "घिस्सा मारला म्हणे की काय ते. तुम्हीच समजून घ्या." अण्णा अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी ऐकत असायचे. त्यांना हसू येत होतं की राग, हे सांगायला काही उरलं नव्हतं.

भूपालअण्णा एका सकाळी गेले. राजमती त्यांचे पाय पुसत होती, काहीतरी सांगत होती, आणि सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं की छाती हलत नाही. तिनं वाक्य पुरं केलं आणि मग मुलीला हाक मारली.

लांबलांबच्या गावांतून माणसं आली. जुन्या पैलवानांनी खांदा दिला. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. आईला पुण्याला नेण्याचा विषय त्रिशलानं काढला आणि राजमतीनं तो "बघू" म्हणून मिटवला. मुखर मिटून स्टुलावर होता. त्यातली चिप दुसऱ्या कुणाच्या कामाची नव्हती.

"तुला एक सांगू?" दोघी शेंगा फोडत बसल्या असताना राजमती म्हणाली. "तुला राग येईल."

"सांग की."

"मला त्या पहिल्या आवाजाचीही आठवण येते. खोटा होता, कळतं मला. ह्यांच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द कोंबले त्यानं. ह्यांची पाठ सडली त्याच्यापायी. पण रोज विचारायचा गं, थकलीस का म्हणून. ह्यांनी कधी विचारलं नाही. तरण्या वयात नाही, म्हातारपणी नाही." ती टरफलं सुपात गोळा करत राहिली. "आता ते कुणाला सांगायचं? लोक ह्यांच्यासाठी रडायला आले. त्याच्यासाठी कुणासमोर रडू?"

त्रिशलाला राग आला नाही.  तिनं आईच्या हातातलं सूप खाली ठेवलं आणि तिचा हात धरून बसली.

त्याच आठवड्यात बार्शीहून फोन आला. मृणालनं नंबर दिला होता. बाईंचं नाव इंदुमती तेलकर. नवऱ्याला तोच आजार, घरात तोच लॅपटॉप. सर्व्हर बंद झाल्यापासून त्यांनी मुखर एकदाही बंद होऊ दिला नव्हता. वीज गेली की पोरगा मोटारीच्या बॅटरीवर जोडत होता. पण आता यंत्र तापून अडकायला लागलं होतं, आज ना उद्या बंद पडणार होतं. त्रिशलाताई येऊन लिनक्स घालतील का?

त्रिशलानं आईकडं पाहिलं. काय होतं हे सांगितल्याशिवाय तिला जायचं नव्हतं, आणि कसं सांगायचं ते कळत नव्हतं. राजमतीनं फोन मागून घेतला.

"मी तिची आई. माझ्या मालकांनाही तेच होतं," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. थर कसा भरत जातो ते सांगितलं, शब्द किती उरतात ते सांगितलं. "जे उरतं ते त्यांचं असतं, बाई. पण फार थोडं असतं. आणि कदाचित तुम्हाला नको असलेलं असतं. आम्हाला तसंच निघालं."

 मग बाईंनी विचारलं, "पुन्हा वेळ आली तर तुम्ही कराल का?"

"करीन," राजमती म्हणाली. "त्यांची पाठ दुखत होती."

 पलीकडं, फोनपासून लांब, एक गोड पुरुषी आवाज काहीतरी बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण राजमतीनं तो ओळखला. तिनं फोन कानाला घट्ट धरला.

"या मग," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पण आज नका येऊ. आज सकाळपासनं फार छान बोलतायत हो माझ्याशी. एवढा आजचा दिवस बोलू दे."

राजमतीनं डोळे मिटले.

"बोलू दे," ती म्हणाली. "आम्ही उद्या निघतो."